शिवनाथेकाठचा जिल्हा: दुर्ग-भिलाईच्या कारभाराचा इतिहास

दुर्ग म्हटले की मराठी मनापुढे सह्याद्रीचा कडा, तटबुरूज आणि बालेकिल्ला उभा राहतो. छत्तीसगडातील दुर्ग या गावाने ही अपेक्षा कधीच पुरी केलेली नाही. शिवनाथ नदीच्या पूर्वेस, दृष्टी पोहोचेल तेथवर सपाट पसरलेल्या भातशेतीच्या मुलखात मातीच्या तटाची एक जुनी गढी होती. तिचे अवशेष इंग्रज अमदानीतील गॅझेटिअरकारांनी नोंदविले आहेत. मिर्झापूरकडून आलेल्या जगपाल नावाच्या पुरुषास रतनपूरच्या राजाने सातशे गावांसह हा मुलूख बक्षीस दिला आणि त्याने हे ठाणे वसविले, अशी स्थानिक आख्यायिका सांगतात. आख्यायिकेत तथ्य किती, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक गोष्ट नोंदलेली आहे. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा छत्तीसगडात उतरल्या तेव्हा त्यांनी दुर्ग येथे तळ दिला, आणि येथूनच पुढील मुलूख ताब्यात घेण्याची मोहीम चालविली. आज पोलादाच्या कारखान्यामुळे देशभर ठाऊक झालेली भिलाई या गढीपासून अवघ्या काही मैलांवर आहे.

त्या मोहिमेचा सेनानी भास्कर राम कोल्हटकर हा बंगालच्या वाटेवर होता. मराठी इतिहासग्रंथांत त्याची गाठ वाचकाशी पडते ती बंगालच्या स्वारीत, आणि १७४४ साली अलिवर्दीखानाने भेटीस बोलावून केलेल्या त्याच्या खुनाच्या प्रसंगात. रतनपूरचा वृद्ध हैहयवंशी राजा रघुनाथसिंह पुत्रशोकाने खचलेला होता. त्याने फारसा प्रतिकार केला नाही, शहरावर खंडणी बसली आणि फौज पुढे निघून गेली. एवढ्या दोन वाक्यांत छत्तीसगड आटोपते. ज्या प्रदेशावर नागपूरकरांचा अंमल पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ टिकला, तो मराठी इतिहासाच्या दृष्टीने बंगालकडे जाणारा एक रस्ता ठरावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. यादव माधव काळे यांच्या १९३४ सालच्या ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ या ग्रंथासारखे अपवाद सोडले, तर नागपूरच्या पूर्वेस गेल्यावर मराठी लेखणी संकोचते. लढाया संपल्या की तिला तेथे सांगण्यासारखे काही उरत नाही. वस्तुतः सांगण्यासारखे जे आहे ते लढायांनंतरचे आहे: गावे कोणी मोजली, शेत कोणाच्या नावे लागले, कचेरी किती कोसांवर होती.

हा मुलूख समजावयाचा तर प्रथम त्याची माती पाहावी लागते. पश्चिमेस मैकल पर्वताच्या रांगा, दक्षिणेस अरण्याने आच्छादलेले डोंगर, पूर्वेस खारून नदी, आणि मधून उत्तरेकडे वाहत जाऊन पुढे महानदीस मिळणारी शिवनाथ. शिवनाथेचा उगम पानाबारसच्या डोंगराळ टापूत, आजच्या गडचिरोली जिल्ह्याच्या शिवेलगत आहे. म्हणजे छत्तीसगडच्या मैदानाची ही प्रमुख नदी मराठी मुलखाच्या उंबरठ्यावरूनच निघते. मैदानातील शेतकरी जमिनीची चार नावे घेतो. काळी, भेगाळणारी, ओल धरणारी ती कन्हार; पिवळसर, भाताला सोयीची ती मटासी; दोहोंच्या मिश्रणाची डोरसा; आणि मुरमाड, तांबूस, फार काही न देणारी ती भाठा. उत्तरेकडील बेमेतरा भागात कन्हार अधिक आणि पाऊस त्या मानाने कमी, त्यामुळे तेथे गहू व हरभरा घेता येतो, दुर्गभोवती भात, दक्षिणेस बालोदपलीकडे कोदो-कुटकी आणि जंगल. एकाच गावाच्या शिवारात चारही प्रकारच्या जमिनी असणे ही येथे नित्याची गोष्ट होय. वरवर किरकोळ वाटणारी ही बाब पुढे सगळ्या महसुली इतिहासाच्या मुळाशी आलेली दिसते.

छत्तीसगड या नावातील ‘गड’ही मराठी गडाहून निराळा आहे. रतनपूरच्या हैहय अथवा कलचुरी राजांच्या कारभारात गढ हा मुलकी घटक होता. शिवनाथेच्या उत्तरेस रतनपूरचे अठरा गढ आणि दक्षिणेस रायपूर शाखेचे अठरा, मिळून छत्तीस. रायपूरकडील अठरांत दुर्ग आणि पाटण या दोन्ही नावांची गणना होते. बारा गावांचा एक बरहों, सात बरहोंचा एक गढ, म्हणून गढास चौरासी असेही म्हणत. गढावर दिवाण, बरहोंवर दाऊ, गावावर गौंटिया. चौऱ्यांशी गावांचा हिशोब प्रत्यक्षात क्वचितच जुळत असेल. कोठे गावे अधिक, कोठे निम्मीही नव्हती. बिलासपूर जिल्ह्याची जमाबंदी करणाऱ्या चिझम या अधिकाऱ्यास कल्याणसाय राजाच्या काळातील एक जुनी वही पाहावयास मिळाली आणि १८६८ च्या अहवालात त्याने तिचा उपयोग केला. ही व्यवस्था मोठी सुबक दिसते, पण सुबक आकड्यांवर विसंबून जुन्या राज्याचे चित्र रंगविणे धोक्याचे असते. वस्ती विरळ, मधे रान, पावसाळ्यात ओढे-नाले भरले की चार महिने गावे एकमेकांस पारखी. अशा प्रदेशात राजाची सत्ता ही मुख्यतः दाऊ आणि गौंटिया यांच्याशी चाललेल्या वाटाघाटीचीच सत्ता होती.

१७५८ च्या सुमारास पहिल्या रघूजीचा पुत्र बिंबाजी भोसले रतनपुरास येऊन राहिला आणि १७८७ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. नागपूरचे वर्चस्व नावापुरते मानून त्याने स्वतःचा दरबार चालविला. रतनपूरच्या रामटेकडीवरील मंदिर त्याच्या काळचे. रामटेक मागे सोडून आलेल्या माणसाने नव्या राजधानीत टेकडी शोधून तिला तेच नाव द्यावे, यात राजकारणापेक्षा घरची ओढ अधिक असावी. दसऱ्याला सोने वाटण्याची चाल आणि कचेरीतील मोडी लिपी या दोन्हींचा संबंध छत्तीसगडातील इतिहासकार बिंबाजीशी जोडतात. त्याने जुने गढ मोडले नाहीत. गौंटियांना हलविले नाही. स्वारीच्या वर्षांतील मराठा आणि रतनपुरात वस्ती करून राहिलेला मराठा यांत लोकांनी फरक केला, असे त्याच्याविषयीच्या स्थानिक आठवणींवरून म्हणता येते.

बिंबाजीनंतर मात्र चित्र पालटले. मुलूख व्यंकोजी भोसल्यांकडे आला, पण त्यांनी रतनपुरी बस्तान ठेवले नाही. कारभार सुभेदारांकरवी नागपुराहून चालू लागला. सुभेदारांपैकी विठ्ठल दिनकर याचे नाव सर्वांत महत्त्वाचे. त्याने गढ आणि बरहों ही विभागणी मोडून खालशाचे सत्तावीस परगणे केले. परगण्यावर कमाविसदार, हिशोबास फडणवीस, जमीन व आकारणीच्या नोंदीस बरारपांडे अशी माणसे नेमली. दाऊचे पद त्यामुळे निकामी झाले; गौंटिया मात्र राहिला, कारण त्याच्यावाचून गाव वसूलच देऊ शकत नव्हते. डोंगरी कडेच्या जमीनदाऱ्यांकडून टकोली घ्यावयाची आणि त्यांच्या अंतर्गत कारभारात पडावयाचे नाही, हे जुने धोरणही तसेच चालू राहिले.

या परगण्यांचे मराठी नावांमुळे जे रूप मनात उभे राहते ते फसवे आहे. वऱ्हाडात अथवा देशावर परगण्याला देशमुख आणि देशपांडे यांच्या वंशपरंपरागत वतनांचा आधार असे. कमाविसदाराने जास्त ओढले तर अडविणारे, निदान कुरकुरणारे कोणी तरी तेथे मुळे धरून बसलेले असे. छत्तीसगडात ही वतनी साखळी रुजलेली नव्हती. कागदावर साचा देशावरचा, पण त्याला तोलून धरणारी माणसे नाहीत. अल्प मुदतीने आलेला आणि नागपुरी भरणा करून परत जाणारा कमाविसदार आणि गावचा गौंटिया यांच्या मधोमध मोकळी जागा होती. सुभेदारांच्या अमदानीविषयी पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनी जी कडू भाषा वापरली ती सगळीच खरी मानण्याचे कारण नाही. ज्याच्याकडून राज्य घ्यावयाचे त्याची राजवट वाईट असणे घेणाऱ्यास सोयीचे असते. तथापि अठराव्या शतकाच्या अखेरीस या बाजूने गेलेल्या ब्लंट, कोलब्रुक यांसारख्या प्रवाशांची वर्णने आणि रघूजीच्या दरबाराची सतत वाढत गेलेली पैशाची निकड पाहता, सुभ्याची रयत पिळली गेली हे नाकारता येत नाही. मराठी इतिहासाने हे मान्य करण्यात काही कमीपणा नाही. लपविण्यात मात्र आहे.

१८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेब पदच्युत झाले आणि तिसरा रघूजी अज्ञान असल्याने नागपूरचा कारभार रेसिडेंट जेंकिन्स याच्या देखरेखीखाली गेला. छत्तीसगडावर प्रथम एडमंड्स आणि त्याच्या अकाली मृत्यूनंतर व्हान्स अ‍ॅग्न्यू हे अधिकारी आले. अ‍ॅग्न्यूने १८१८ साली मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले. दुर्गच्या दृष्टीने हा निर्णय मोठा होता, कारण शतकानुशतके उत्तरेकडे असलेले सत्तेचे केंद्र एकाएकी शेजारी आले. सत्तावीस परगण्यांचे त्याने आठ केले आणि पुढे बालोद धरून नऊ. दुर्ग आणि धमधा ही त्यांतली दोन. या घडीत त्याने कमाविसदार काढले नाहीत, मराठी दप्तर मोडले नाही. माणसे पुष्कळशी तीच ठेवून हिशोबावर नजर ठेवली. १८२० साली लिहिलेला त्याचा सुभ्याविषयीचा अहवाल छत्तीसगडच्या ग्रामव्यवस्थेचे पहिले सविस्तर वर्णन होय. १८३० साली हा मुलूख पुन्हा भोसल्यांच्या हाती आला आणि नागपुराहून येणारे अधिकारी जिल्हेदार म्हणविले जाऊ लागले. ‘जिल्हा’ हा शब्द येथे स्थिरावण्याचे श्रेय इंग्रजांना दिले जाते, पण तो भोसल्यांच्या अखेरच्या दोन तपांतही वापरात होता, हे ध्यानात ठेवावे. १८५३ च्या डिसेंबरात रघूजी निपुत्रिक वारले, आणि पुढल्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले.

आता त्या चार प्रकारच्या मातीकडे परत यावयास हवे. भोसल्यांच्या काळी, आणि त्यापूर्वीही, येथील आकारणीचे माप बिघा अथवा एकर नव्हते. ते नांगर होते. मराठीत आणि छत्तीसगढीत एकच असलेला हा शब्द महसुलाचाही शब्द होता. ज्या घरी जितके नांगर चालतात तितका त्याचा गावातील वाटा आणि तितकाच वसुलीचा भार. पण शिवारात कन्हारही आहे आणि भाठाही. एकाकडे कायम कन्हार राहिली आणि दुसऱ्याकडे भाठा, तर एका नांगराचा भार दोघांना सारखा कसा? यावर गावांनी काढलेला तोडगा लाखाबाटा या नावाने ओळखला जातो. ठराविक काळानंतर, किंवा तक्रारी वाढल्या की, गाव बसून सगळी शेते पुन्हा वाटून घेई. प्रत्येकास थोडी चांगली, थोडी वाईट, थोडी सखल, थोडी उंचवट्याची जमीन मिळे. म्हणून एका कुटुंबाची शेते शिवारभर विखुरलेली असत. बाहेरून पाहणाऱ्यास तो गोंधळ वाटे. त्यात एक काटेकोर न्याय होता.

अर्थात त्या न्यायालाही कड होती. वाटणी होई ती नांगरवाल्यांत. ज्याच्याकडे बैल नाहीत त्याचा वाटा नाही, आणि गौंटियाचा वाटा नेहमीच मोठा. तरीही शेत ही कोणाची कायमची मालमत्ता नसून गावाने दिलेली पाळी आहे, ही समजूत त्यामागे होती, आणि विरळ वस्तीच्या मुलखात ती परवडत असे. जमीन भरपूर, माणसे थोडी. भार असह्य झाला तर कुटुंब गाडी जुंपून दुसऱ्या गावी जाई, तेथला गौंटिया आनंदाने ठेवून घेई. सुभेदाराच्या जुलमावर रयतेपाशी खरा उपाय हाच होता. पळालेल्या गावाचा वसूल कोणत्याही फडणविसाला कागदावर आणता येत नाही.

इंग्रजांच्या पहिल्या मोठ्या जमाबंदीने या समजुतीवर घाव घातला. १८६१ साली मध्य प्रांत अस्तित्वात आला. दुर्ग ही त्याआधीच, १८५७ साली, रायपूर जिल्ह्याची तहसील झालेली होती. रायपूर जिल्ह्याची जमाबंदी ह्युइट याने १८६९ पर्यंत पुरी केली. त्या ओघात गौंटियास गावाचा मालक ठरविण्यात आले. तो मालगुजार झाला. वसूल गोळा करणारा माणूस मालक झाला आणि शेत गहाण ठेवता व विकता येण्यासारखी वस्तू झाली. शेते एकदा खात्यावर चढली की पुन्हा वाटणी कठीण. लाखाबाटा एका दिवसात बंद पडला नाही, काही गावांत तो पुढेही चालू राहिला. पण कायद्याचा आधार गेला तो गेला. मग सावकार आला. मालगुजारी हक्क कर्जापोटी हातचे जाऊ लागले आणि गावे शहरात राहणाऱ्यांच्या नावे लागली. त्यांत मारवाडी पेढ्या होत्या, उत्तरेकडील ब्राह्मण घराणी होती, आणि नागपूरकरांच्या काळापासून राहिलेली मराठी घराणीही होती. दुर्ग-बेमेतरा भागातील सतनामी समाजास याची झळ विशेष लागली. घासीदास गुरूंच्या शिकवणीने ताठ उभा राहिलेला हा शेतकरी समाज; त्यांतील कित्येक गौंटियांची गावे नव्या कायद्याच्या पहिल्या दोन-तीन पिढ्यांतच गेली. जुलमापासून पळून जाण्याचा मार्गही आता उरला नाही, कारण पलीकडच्या गावालाही मालक होता.

१८८२ च्या सुमारास नागपूर-छत्तीसगड रेल्वे राजनांदगावपर्यंत आली. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने ती रुंद मापाची केली आणि १८९१ पर्यंत लोहमार्ग पार आसनसोलकडे नेला. बंजाऱ्यांचे बैल मीठ आणीत आणि धान्य नेत, ते दिवस संपले. तांदळास दूरची बाजारपेठ मिळाली आणि घरच्या कोठारात धान्य साठविण्याची रीत ढिली पडली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी या भागाची जी दशा केली ती जनगणनेच्या कोरड्या तक्त्यांतही दिसते. १९०१ साली, पुढे ज्याचा दुर्ग जिल्हा झाला त्या ३,८०७ चौरस मैलांच्या प्रदेशात ६,२८,८८५ माणसे होती. चौरस मैलास अवघी १६५, आणि मागच्या दशकापेक्षा संख्या पुष्कळच घटलेली. दुर्ग गावची वस्ती चार हजारांच्या आसपास. आज एकट्या भिलाई नगरीची लोकसंख्या, २०११ च्या जनगणनेप्रमाणे, सव्वासहा लाखांच्या घरात आहे. जिल्हाभर विखुरलेली त्या वेळची सगळी माणसे जणू एका शहरात येऊन राहिली.

दुर्ग जिल्हा १ जानेवारी १९०६ रोजी जन्मास आला. संबळपूर त्याआधीच बंगालकडे गेल्यामुळे छत्तीसगड विभागाची फेरमांडणी करणे भाग होते, आणि रायपूर व बिलासपूर हे दोन्ही जिल्हे एका अधिकाऱ्याच्या आवाक्याबाहेर विस्तारलेले होते. दोहोंचे तुकडे काढून दुर्ग, बेमेतरा आणि संजारी अशा तीन तहसिलींचा हा जिल्हा बनला. इंग्रजीत त्याचे नाव जसे लिहीत तसेच औषधाला त्या भाषेत असलेल्या शब्दाचे स्पेलिंग असे, त्यामुळे जुने दप्तर चाळणाऱ्यास अधूनमधून करमणूक होते. नेल्सन याने १९१० साली त्याचे पहिले गॅझेटिअर प्रसिद्ध केले. खालशाची तीन तहसिली मैदाने आणि त्यांच्या कडेने गुंडरदेही, डौंडी-लोहारा, गंडई, पानाबारस, अंबागड चौकी अशा जमीनदाऱ्यांची माळ. यांपैकी पानाबारस आणि अंबागड चौकी पूर्वी चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात मोडत. एका लेखणीच्या फटकाऱ्याने त्या चांद्याकडून दुर्गकडे आल्या. शेजारच्या कोटगल व मुरुमगाव या जमीनदाऱ्या मात्र चांद्यातच राहिल्या आणि आज महाराष्ट्रात आहेत. एकाच गोंड वस्तीच्या दोन भागांनी पुढे दोन भाषांत अर्ज लिहावयाचे, हे तेव्हाच ठरून गेले. त्या वेळी मात्र यात कोणाला विशेष वाटले नाही. दोन्हीकडचे कागद शेवटी नागपूरच्याच सचिवालयात जात.

त्या नागपुरातच या जिल्ह्याच्या भवितव्याचा एक प्रसंग घडला. १९०३ च्या सुमारास दोराबजी टाटा चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या खनिजाचा नाद सोडल्याचे कळविण्यासाठी मुख्य चिटणिसांकडे गेले होते. भेटीस अवकाश होता म्हणून ते जवळच्या संग्रहालयात फिरत असता भूगर्भशास्त्र खात्याचा एक रंगीत नकाशा त्यांच्या दृष्टीस पडला. दुर्गच्या बाजूस गडद रंगाने लोहखनिज दाखविले होते. ते शोधकार्य प्रमथनाथ बोस यांचे. एका लोहाऱ्यावर पाणी सोडावयास आलेला माणूस दुसऱ्या लोहाऱ्याच्या दिशेने निघाला. दल्ली-राजहराच्या टेकड्यांत खनिज विपुल आणि उत्तम प्रतीचे निघाले, पण जवळ योग्य कोळसा आणि बारमाही पाणी नव्हते. टाटांचा कारखाना अखेर साकचीस झाला. दुर्गच्या टेकड्या आणखी पन्नास वर्षे तशाच राहिल्या.

पाण्याची उणीव मात्र मधल्या काळात काही अंशी भरून निघाली, तीही वेगळ्याच हेतूने. दुष्काळांनंतर सरकारचे लक्ष पाटबंधाऱ्यांकडे गेले आणि बालोदनजीक तांदुला व सुखा या नद्यांच्या संगमावर धरण बांधण्यात आले. १९२१ च्या सुमारास ते पुरे झाले. भातशेती वाचविण्यासाठी बांधलेल्या या जलाशयानेच पुढे पोलादाच्या कारखान्याची तहान भागविली. अवर्षणाच्या वर्षी तांदुल्याचे पाणी आधी कोणाला, हा प्रश्न त्यानंतर दुर्गच्या शेतकऱ्यास वारंवार विचारावा लागला आहे.

नागपूर-दुर्ग हा संबंध केवळ दप्तराचा नव्हता. दुर्गचे घनश्यामसिंह गुप्त १९३७ पासून दीर्घकाळ नागपुरातील विधानसभेचे अध्यक्ष होते, आणि राज्यघटनेच्या हिंदी भाषांतराचे काम त्यांच्या अध्यक्षतेखाली झाले. मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषा बोलणारे सभासद त्या सभागृहात एकत्र बसत. १९४८ साली राजनांदगाव, खैरागड, छुईखदान आणि कवर्धा ही संस्थाने विलीन होऊन दुर्ग जिल्हा एकदम विस्तारला. १९५१ साली मालगुजारी संपली. आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, दुर्ग मध्य प्रदेशात राहिला. त्याची राजधानी नागपुराहून भोपाळास, म्हणजे दुपटीहून अधिक अंतरावर गेली. दोन शतकांचा व्यवहार एका तारखेस तुटला. तुटला तो कागदोपत्री. मराठी मातृभाषेचे हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध १९५८ साली राजनांदगावच्या महाविद्यालयात रुजू झाले, तेव्हा ते गाव दुर्ग जिल्ह्यातच होते; त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठी कवितेत नाव मिळविलेले. दोन भावांत वाटल्या गेलेल्या दोन भाषा हे या जुन्या प्रांताचे एक चित्र म्हणता येईल.

भिलाई त्या वेळी लोहमार्गावरचे एक लहानसे स्थानक होते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला. वर्षास दहा लाख टन पोलादाचा कारखाना ठरला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखाना आणि वसाहत यांसाठी भोवतालच्या अनेक गावांची शेती घेण्यात आली. मोबदला कोणास द्यावयाचा? खात्यावर ज्याचे नाव त्यास. हे खाते १८६९ च्या जमाबंदीचेच वंशज. बैल नसलेला, नांगर नसलेला, दुसऱ्याच्या शेतात राबणारा माणूस लाखाबाट्यात नव्हता, मालगुजारीच्या कागदात नव्हता, आणि भरपाईच्या यादीतही नव्हता. शेत गेल्यावर त्याची मजुरी गेली, पण तिची नोंद ठेवणारी वही कोणत्याच राजवटीने केली नव्हती. खातेदारांतही पुष्कळांनी प्रथम कारखान्यातील नोकरीकडे पाठ फिरविली. भट्टीच्या कामाची भीती होती, हाती पैसा होता. बाहेरून केरळ, आंध्र, पंजाब, बंगाल, विदर्भ येथून माणसे आली आणि सेक्टरांच्या आखीव रस्त्यांवर वसली. नळ, दिवे, शाळा, दवाखाना यांची व्यवस्था कारखान्याकडे. कुंपणापलीकडच्या गावांना मात्र तहसीलदार आणि ग्रामपंचायत. दोन कारभार शेजारी शेजारी नांदू लागले, आणि दोहोंच्या सीमेवर झोपड्यांच्या वस्त्या वाढल्या.

खाणींची कथा अधिक कठोर आहे. कारखान्यातील कायम कामगार आणि दल्ली-राजहरा येथील ठेकेदाराचे मजूर यांच्या जीवनात जमीन-अस्मानाचे अंतर होते. १९७७ साली या मजुरांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली स्वतःची संघटना उभारली. त्याच वर्षी जूनमध्ये तेथे गोळीबार होऊन माणसे मेली. मजुरांनी पुढे वर्गणी आणि श्रमदान यांवर रुग्णालय बांधले, दारूबंदीची मोहीम चालविली. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींचा भिलाईत झोपेत असताना खून झाला.

यानंतरचा कारभाराचा इतिहास हा तुकड्यांचा आहे. १९७३ साली राजनांदगाव जिल्हा वेगळा झाला, १९९८ साली कवर्धा. २००० साली छत्तीसगड राज्य झाले आणि राजधानी पुन्हा रायपुरास, अ‍ॅग्न्यूने नेली होती तेथेच आली. १ जानेवारी २०१२ रोजी बेमेतरा आणि बालोद हे जिल्हे दुर्गमधून निघाले. म्हणजे १९०६ च्या तीन तहसिलींचे तीन जिल्हे झाले. जवळ कचेरी येण्याची लोकांची मागणी रास्तच होती. परंतु त्यामुळे कारखाना एका जिल्ह्यात, तर खाण आणि तांदुला धरण दुसऱ्या जिल्ह्यात अशी विभागणी झाली. २०१५ पासून खनिजाच्या उत्पन्नाचा काही भाग जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे जमा होतो. सीमारेषा आता केवळ पाटीवरची राहिली नाही. कोणत्या गावच्या शाळेला छप्पर मिळणार, हे तिच्यावर ठरू लागले.

आणि अंबागड चौकी? चांद्याकडून दुर्गकडे, दुर्गकडून राजनांदगावकडे, असा त्या टापूचा प्रवास होत राहिला. मानपूरच्या माणसास जिल्हा कचेरीसाठी शंभरेक किलोमीटर जावे लागे. जुलै २००९ मध्ये मदनवाड्याजवळ जिल्हा पोलीस अधीक्षकांसह एकोणतीस पोलीस नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात ठार झाले, तेव्हा या अंतराची चर्चा पहिल्यांदा राज्यभर झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये मोहला-मानपूर-अंबागड चौकी हा स्वतंत्र जिल्हा स्थापन झाला. आजच्या दुर्ग जिल्ह्याचे आणि याचे क्षेत्रफळ जवळपास सारखेच, पण २०११ च्या आकड्यांप्रमाणे तेथे सतरा लाखांवर माणसे आणि येथे पावणेतीन लाखांहून थोडी अधिक. तिन्ही विकासखंड राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत असल्याने गौण खनिजाच्या बाबतीत ग्रामसभेला विचारावे लागते; निदान कायदा तसे म्हणतो. मराठी कागद तेथल्या कचेरीत आता येत नाहीत. पलीकडे मुरुमगाव आणि कोरचीच्या बाजूस सोयरिकी मात्र होतात, बाजाराच्या दिवशी माणसे शीव ओलांडून येतात-जातात, आणि बोलणे गोंडीत चालते.

भिलाईच्या भट्ट्यांना लागणारे खनिज दल्ली-राजहराला फार काळ पुरणारे नाही, म्हणून तेथून दक्षिणेस रावघाटच्या डोंगरांकडे लोहमार्ग नेण्यात आला आहे. ते डोंगर कांकेर आणि नारायणपूर या जिल्ह्यांत येतात, आणि तेथल्या गावांतूनही हाच जुना प्रश्न विचारला जात आहे: खात्यावर नाव कोणाचे.